फुलराणीच्या प्राध्यापकामागचा प्राध्यापक

१९७५ साली पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आली आणि भक्ती बर्वे यांच्या मंजुळेने मराठी प्रेक्षकांना वेड लावले. रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीला शुद्ध बोलायला शिकवण्याची पैज मारणारा भाषेचा हेकट प्राध्यापकही तेव्हापासून मराठी घराघरांत ओळखीचा झाला. या प्राध्यापकाचा मूळपुरुष म्हणजे बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधील हेन्री हिगिन्स. पण हिगिन्सचाही एक मूळपुरुष असावा, तो कोण, हा प्रश्न इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना दीर्घकाळ छळत राहिला. शॉ यांनी नाटकाच्या प्रस्तावनेत ऑक्सफर्डचे ध्वनितज्ज्ञ हेन्री स्वीट यांचे नाव घेतले. हिगिन्स म्हणजे स्वीट नव्हे, मात्र स्वीट यांच्या स्वभावाच्या काही छटा त्याच्यात आहेत, असे मोघम उत्तर देऊन ते मोकळे झाले. स्वीट १९१२ सालीच निवर्तले होते. ज्या माणसाचे नाव शॉ यांनी कटाक्षाने टाळले, तो तेव्हा लंडनमध्ये हयात होता, अवघा तिशीतला होता आणि परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजीचे उच्चार व स्वर शिकवत होता. त्याचे नाव डॅनियल जोन्स.

बेव्हर्ली कॉलिन्स आणि इंगर मीस यांनी १९९९ साली जोन्स यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले आणि खरा हिगिन्स हाच, असे साधार प्रतिपादन केले. त्यांच्या मते शॉ यांनी जोन्स यांच्या विभागातील कामकाज जवळून पाहिले होते. परंतु विद्यापीठात नोकरी करणाऱ्या तरुण अध्यापकाच्या घरी फुलवाली मुलगी राहते, असे कथानक आणि सोबत त्याचे नाव, हे त्या काळच्या लंडनमध्ये त्याला महागात पडले असते. म्हणून नाव स्वीट यांचे, सामग्री जोन्स यांची. एक आख्यायिका अशीही आहे की, दक्षिण लंडनमधील ‘जोन्स अँड हिगिन्स’ या दुकानाची पाटी शॉ यांच्या नजरेस पडली. पहिले नाव वापरणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी दुसरे उचलले. आख्यायिका खरी असो वा नसो, ती गोड आहे.

साम्य इथेच संपते. हिगिन्स हा आरडाओरडा करणारा, समोरच्याच्या भावनांची पर्वा न करणारा गृहस्थ. जोन्स कमालीचे संकोची, हळू आवाजात बोलणारे. बढाई मारणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

१२ सप्टेंबर १८८१ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील बॅरिस्टर होते आणि मुलानेही तोच मार्ग धरावा, ही अपेक्षा होती. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातून १९०३ साली गणिताची पदवी घेऊन जोन्स कायद्याकडे वळले, १९०७ साली रीतसर बॅरिस्टरही झाले. पण न्यायालयात त्यांनी कधी वकिली केली नाही. त्यांचे मन आधीच दुसरीकडे गुंतले होते. १९०० साली जर्मन शिकण्यासाठी ते मारबुर्ग येथे विल्यम टिली या ऑस्ट्रेलियन शिक्षकाच्या संस्थेत गेले. टिली यांची शिस्त कडक होती. विद्यार्थ्याने उठता-बसता जर्मनच बोलावे आणि ध्वनिशास्त्राच्या आधारे उच्चार घोटावेत, असा दंडक होता. शाळेत ज्या मुलाला भाषा धड जमल्या नव्हत्या, त्याला तिथे प्रथमच कळले की परकी भाषा ही शब्दकोशातून नव्हे, तर कानातून आणि जिभेतून शिकायची असते.

पुढे पॅरिसमध्ये त्यांनी पॉल पासी यांच्याकडे ध्वनिशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण घेतले. पासी हे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेचे संस्थापक. गुरूंशी नाते पुढे घरगुतीही झाले. १९११ साली जोन्स यांनी पासी यांची भाची सिरिल मोट हिच्याशी विवाह केला. १९०७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी अर्धवेळ व्याख्याने द्यायला सुरुवात केली आणि ज्या विषयाला विद्यापीठात धड खोली नव्हती, त्या विषयाचा विभाग उभारण्यात पुढील चार दशके घालवली.

पहिले विलक्षण काम त्यांनी १९०९ साली केले. त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. उच्चारातील चढउतार मोजणारे सोयीचे यंत्र कुठेच नव्हते. जोन्स यांनी साधी युक्ती योजली. तबकडी लावायची, वाक्य सुरू झाले की एका विशिष्ट अवयवापाशी झटकन सुई उचलायची आणि कानात शेवटचा जो सूर राहिला असेल, तो संगीताच्या पाच रेघांवर टिपून ठेवायचा. मग पुन्हा तेच वाक्य, पुढचा अवयव, पुन्हा सुई वर. असे शेकडो वेळा. मग त्या बिंदूंमधून वक्र रेषा काढायची. इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन उताऱ्यांच्या अशा आलेखांचे पुस्तक ‘इंटोनेशन कर्व्ह्ज’ या नावाने लाइपझिगच्या टॉयबनर प्रकाशनाने छापले. बोलण्यातला सूर ही लहरीची, नटाच्या मर्जीची गोष्ट नसून तिला आकार असतो, तो कागदावर काढता येतो आणि म्हणून शिकवताही येतो, हे त्या रेषांनी दाखवून दिले. गणिताच्या पदवीधराला शोभेल असेच हे काम होते.

शिकवता येतो, हा मुद्दा महत्त्वाचा. इंग्रजी शिकणारा परदेशी विद्यार्थी शब्द पाठ करतो, व्याकरण पक्के करतो, आणि तरीही त्याच्या बोलण्याने समोरचा दुखावतो किंवा गोंधळतो. कारण वाक्याचा अर्थ शब्दांइतकाच सुरातही असतो. जोन्स यांचे आवडते उदाहरण ‘येस’ या एका शब्दाचे होते. सूर वरून खाली सोडला की ते निखळ होकार. खालून वर नेला की प्रश्न. उंचावरून झपाट्याने खाली आणला की अर्थातच, यात विचारायचे काय. आणि खाली जाऊन पुन्हा वर आला की असेल बुवा, पण माझी खात्री नाही. अक्षरे तीच, अर्थ चार. केवळ ओठ मिटून काढलेल्या ‘म्’मध्येही हे सारे खेळ खेळता येतात, हेही ते दाखवून देत. मराठी माणसाला हे समजायला कठीण नाही. आपल्या ‘हं’चेही असेच आहे, कंटाळलेला ‘हं’, धमकीचा ‘हं’, चोरी पकडल्याचा ‘हं’ आणि गोष्ट ऐकणाऱ्या पोराचा ‘हं’ एकाच अक्षराने लिहावे लागतात. अडचण येते ती परक्या भाषेत. तेव्हा आपण नकळत आपलेच सूर इंग्रजी शब्दांवर चढवतो. ‘सॉरी’ खालच्या सुरात उतरली तर ती क्षमायाचना, वर चढली तर ऐकू आले नाही, पुन्हा सांगा, एवढाच तिचा अर्थ. ‘थँक यू’ उतरत्या सुरात मनापासूनचे वाटते, तर चढत्या सुरात तिकीट घेताना कंडक्टरला म्हणावे तसे सहजगत्या. हा भेद पुस्तकात छापता येत नाही, आणि न शिकलेला माणूस उगाच उद्धट ठरतो.

उद्गारवाचक शब्दांची तऱ्हा तर याहून न्यारी. आपल्या शालेय व्याकरणात केवलप्रयोगी अव्ययांचे प्रकरण शेवटी, घाईघाईने उरकले जाते. इंग्रजी व्याकरणांतही त्यांची तीच उपेक्षा होती. जोन्स यांनी मात्र या उपेक्षितांचीही नोंद घेतली. नापसंती किंवा हळहळ दाखवणारा ‘टट्’ लिहिताना शब्दासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो जीभ दातांमागे टेकवून आत ओढलेल्या हवेचा चटका असतो, आपल्या ‘च् च्’सारखाच. त्यांच्या उच्चारकोशात या शब्दासमोर तो चटका दाखवणारे चिन्हही दिलेले होते आणि अक्षरानुसारी उच्चारही. कादंबरीत ‘टट् टट्’ वाचून ते अक्षरशः तसेच म्हणणाऱ्या परदेशी वाचकांची त्यामुळे सोय झाली. आफ्रिकेतील काही भाषांत हेच चटके नेहमीची व्यंजने म्हणून येतात. इंग्रजीत आणि मराठीत ते फक्त चुकचुकण्यापुरते उरले आहेत. ध्वनी एकच, पण एका भाषेत तो वर्णमालेत बसतो आणि दुसऱ्या भाषेत उंबऱ्याबाहेर उभा राहतो.

ध्वन्यनुकारी शब्दांनाही हेच सूत्र लागू पडते. कोंबडा पुण्यात आरवला काय आणि लंडनमध्ये आरवला काय, त्याला फरक पडत नाही. मराठी कानाला मात्र ‘कुकूच कू’ ऐकू येते आणि इंग्रजी कानाला ‘कॉक-अ-डूडल-डू’. निसर्गातील आवाज प्रत्येक भाषा आपल्या ठरावीक ध्वनींच्या चाळणीतून गाळून घेते. ही चाळणी म्हणजेच ज्याला आज भाषावैज्ञानिक स्वनिमव्यवस्था म्हणतात ती. स्वनिमासाठीचा ‘फोनीम’ हा शब्द आजच्या अर्थाने इंग्रजीत प्रथम वापरणाऱ्यांत जोन्स होते. १९१७ साली एका व्याख्यानात त्यांनी तो योजला. मूळ कल्पना पूर्वेकडच्या, बोदुएं द कुर्तने यांच्या परंपरेतली, हे त्यांनी कधी लपवले नाही.

त्या व्याख्यानाचा विषय इंग्रजी नव्हता, तर दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषा होता. त्यामागील कहाणी जोन्स यांच्या चरित्रातील बहुधा सर्वांत हृद्य आहे. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने कायदा करून कृष्णवर्णीयांना देशातील बहुतांश जमिनीवर मालकी मिळवण्यास बंदी केली. त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी १९१४ साली एक शिष्टमंडळ लंडनला आले. दाद मिळाली नाही, महायुद्ध पेटले, बाकीचे सदस्य परतले. पण सॉलोमन प्लाटये हा पत्रकार मागे राहिला. पैशांची चणचण, घरापासून हजारो मैल दूर, आणि कायद्याविरुद्धचा ग्रंथ लिहून पुरा करायचा हट्ट. १९१५ साली तो जोन्स यांच्या वर्गात आला. त्याने त्स्वाना भाषेतील काही वाक्ये उच्चारली, जोन्स यांनी ती ध्वनिचिन्हांत फळ्यावर लिहिली आणि त्या भाषेचा गंधही नसलेल्या इंग्रज विद्यार्थ्यांनी ती वाचून दाखवली. आपल्या मुलखातील अस्सल बोल परक्यांच्या तोंडून ऐकून प्लाटये थक्क झाला.

त्याच्या दृष्टीने ही केवळ गंमत नव्हती. मिशनऱ्यांनी त्स्वानासाठी रूढ केलेल्या लिपीत सूर दाखवण्याची सोयच नव्हती. त्स्वानात सुरावर शब्दाचा अर्थ बदलतो. सूर चुकला की शब्दच निराळा. शहरांत, खाणींत, परक्यांच्या घरी वाढणाऱ्या पिढीच्या तोंडी हे सूर बिघडत चालले आहेत आणि छापलेली पुस्तके ते राखू शकत नाहीत, ही प्लाटयेची खंत होती. जमीन गेली, आता जिभेवरचे बोलही जातील, अशी ही भीती. त्याला जोन्स यांच्या चिन्हांत आशा दिसली. दोघे महिनोन्‌महिने एकत्र बसले. एक बोले, दुसरा टिपून घेई. १९१६ साली दोघांच्या नावाने त्स्वाना वाचनमाला प्रसिद्ध झाली आणि त्याच साली प्लाटयेचा जमीन कायद्यावरील ग्रंथही. ज्या काळात वसाहतीतील भाषेचा जाणकार म्हणजे नुसता माहिती पुरवणारा मदतनीस, त्याचे नाव फारतर आभारात, असा रिवाज होता, त्या काळात मुखपृष्ठावर दोन्ही नावे आली, हे विसरता येणार नाही. त्स्वाना नामांच्या सुरांवरील जोन्स यांचा प्रबंध पुढे १९२८ मध्ये निघाला. प्लाटये १९३२ साली वारला.

युद्धाने जोन्स यांचेही हाल केले. ‘ॲन आउटलाइन ऑफ इंग्लिश फोनेटिक्स’ या त्यांच्या मुख्य ग्रंथाची छपाई लाइपझिगमध्ये सुरू असतानाच दोन्ही देश शत्रू झाले, आणि पुस्तक पुरे व्हायला १९१८ साल उजाडले. दरम्यान १९१७ हे वर्ष मात्र भरभराटीचे ठरले. याच वर्षी त्यांनी जिभेवर शिशाची बारीक साखळी ठेवून, वेगवेगळे स्वर उच्चारत स्वतःची क्ष-किरण छायाचित्रे काढून घेतली. जीभ तोंडात नेमकी कुठे असते हे त्यातून दिसले आणि त्याच्या आधारे आठ ‘मानस्वरां’ची कल्पना पक्की झाली. जगातील कोणत्याही भाषेचा स्वर या आठ खुणांच्या संदर्भात सांगता यावा, नकाशावर गाव दाखवावे तसा. हे स्वर लिहून कळत नाहीत, गुरूच्या तोंडून ऐकूनच शिकावे लागतात, म्हणून त्यांनी ते तबकडीवर मुद्रित केले. क्ष-किरणांचा धोका तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नव्हता.

याच वर्षी त्यांचा ‘इंग्लिश प्रोनाउन्सिंग डिक्शनरी’ हा उच्चारकोश प्रसिद्ध झाला. जोन्स हे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील बहुतेकांना ते या कोशामुळे. भारतातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही त्याच्या जीर्ण प्रती सापडतात. अर्थ न देणारा, केवळ उच्चार देणारा हा कोश वसाहतींतील इंग्रजी शिक्षकांना वेदवाक्य वाटला, आणि इथेच एक मोठा घोटाळा झाला. कोशात नोंदलेला उच्चार होता दक्षिण इंग्लंडमधील, निवासी पब्लिक स्कुलांत शिकलेल्या पुरुषांच्या कुटुंबांचा. म्हणजे मूठभर लोकांचा. १९२६ च्या आवृत्तीपासून त्याला ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’ हे नाव मिळाले. आपण उच्चार नोंदवतो, लादत नाही, कोणाचे बोलणे सुधारण्याची आपली इच्छा नाही, असे जोन्स प्रस्तावनेत बजावत राहिले. परंतु कोशाची प्रस्तावना वाचतो कोण? लोकांनी कोश उघडला आणि त्याची पट्टी करून एकमेकांच्या बोटांवर मारली. १९२६ मध्येच बीबीसीने उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली, तीत जोन्सही होते आणि शॉही. तिथे तर निवेदकांनी काय म्हणावे याचे हुकूमच सुटत. जोन्स यांना दोष द्यावा की त्यांच्या वाचकांना, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. अर्धा दोष कोशाचा असावा. एकाच वर्गाचे बोलणे इतक्या नेमकेपणाने मांडले की ते बोलणे आपोआप प्रमाण ठरते, हे गणितज्ञाच्या ध्यानी यायला हवे होते.

विभाग मात्र वाढत गेला. १९१५ मध्ये बेल्जियममधून युद्धामुळे परतलेले हॅरोल्ड पामर यांना त्यांनी व्याख्यानांसाठी बोलावले. पामर यांनी १९२२ साली इंग्रजी स्वराघातावर अभ्यासपाठांसह पुस्तक लिहिले आणि ते जपानला रवाना झाले. लिलियस आर्मस्ट्राँग आणि आयडा वॉर्ड या सहकारी विदुषींनी १९२६ साली इंग्रजी वाक्यांचे सूर मुख्यतः दोन चालींत बसवून दाखवले; एक उतरती, एक चढती. विद्यार्थ्यांना ही सोपी मांडणी इतकी मानवली की जोन्स यांनीही पुढे आपल्या ग्रंथात तिचा आधार घेतला. शिष्येचे काम स्वीकारून स्वतःचे मागे घेणारे प्राध्यापक तेव्हाही थोडे होते. जोन्स यांचा वर्ग भरे तो कानाच्या कसरतीने. ते निरर्थक शब्द उच्चारत आणि विद्यार्थ्यांनी ते जसेच्या तसे ध्वनिचिन्हांत उतरवायचे. अर्थ नसला की अंदाजाला वाव राहत नाही. जे ऐकू आले तेवढेच लिहावे लागते. १९१९ ते १९२१ या काळात लंडनला गेलेले सुनीतिकुमार चतर्जी याच शिस्तीतून गेले आणि बंगालीच्या उच्चारांचा शास्त्रीय अभ्यास घेऊन परतले.

१९२१ साली जोन्स यांना प्राध्यापकपद मिळाले आणि १९४९ साली ते निवृत्त झाले. भारताशी त्यांचा आणखी एक संबंध आला, तो काहीसा खटकणारा. १९४२ साली त्यांनी भारताच्या राष्ट्रीय लिपीच्या प्रश्नावर पुस्तिका लिहिली आणि रोमन अक्षरांवर आधारित लिपीची शिफारस केली. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमाने वर्ण लावणारी आपली वर्णमाला म्हणजे युरोपला फार उशिरा सापडलेल्या ध्वनिशास्त्राचा तक्ताच. तिच्या देशाला ध्वनितज्ज्ञानेच रोमन लिपी सुचवावी, हे नवलच. मात्र इंग्रजीच्या स्पेलिंगवरही त्यांचा तेवढाच राग होता. १९४६ पासून ते स्पेलिंग सुधारणा मंडळाचे अध्यक्ष होते.

त्यांच्या परंपरेतील स्वरशिक्षणाने पुढे बाळसे धरले. युनिव्हर्सिटी कॉलेजातीलच ओकॉनर आणि अर्नोल्ड यांनी १९६१ मध्ये बोली इंग्रजीच्या सुरांवर पाठ्यपुस्तक काढले. त्यात विधान, प्रश्न, आज्ञा यांच्या बरोबरीने उद्गारांना स्वतंत्र स्थान मिळाले आणि प्रत्येक सुरात उद्गाराचा भाव कसा पालटतो, याचे सराव दिले गेले. १९७३ च्या आवृत्तीत तर दहा सुरावटींना पोहणे-उड्यांच्या खेळातून उचलल्यासारखी नावे आहेत. ‘हाय डाइव्ह’, ‘लाँग जंप’, ‘जॅकनाइफ’. सुई उचलून टिपलेल्या जुन्या बिंदूंना अशी गंमतीदार नावे मिळालेली पाहून जोन्स बहुधा संकोचून हसले असते.

‘पिग्मॅलियन’वर बेतलेला ‘माय फेअर लेडी’ हा चित्रपट १९६४ साली आला, तेव्हा हिगिन्सच्या ध्वनिशास्त्रासाठी सल्लागार म्हणून पीटर लॅडफोगेड यांना बोलावण्यात आले. त्यांचे गुरू डेव्हिड ॲबरक्रॉम्बी हे जोन्स यांचे विद्यार्थी. १९५६ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात असताना, जोन्स यांनी आपले मानस्वर तिसऱ्यांदा ध्वनिमुद्रित केले होते. आवाज थकलेला, पण स्वर जिथल्या तिथे. ४ डिसेंबर १९६७ रोजी जेरार्ड्स क्रॉस येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या कोशाची तेरावी आवृत्ती बाजारात आली. तिचे संपादन त्यांचे उत्तराधिकारी गिमसन यांनी केले होते आणि मुखपृष्ठावर नाव मात्र पहिल्यासारखे डॅनियल जोन्स यांचेच होते.